पुस्तक पूर्ण करायचंय? मग खंड पडणार हे धरूनच सुरुवात करा

संपादनाच्या निमित्ताने माझ्याकडे जी हस्तलिखितं येतात, त्यांतली बरीचशी अर्धवट असतात. साठ-सत्तर पानं झालेली, आणि फाइल शेवटची उघडून सहा-आठ महिने उलटलेले. का थांबलं, असं विचारलं तर उत्साह संपला असं कुणीच सांगत नाही. गणपतीत थांबलं. मुलीची दहावी होती. ऑफिस बीकेसीहून ऐरोलीला हललं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कारणं खरी असतात, पण तोवर ती संपलेलीही असतात. मुलगी अकरावीत रुळलेली असते, आई तलावपाळीला फेऱ्या मारायला लागलेली असते, आणि पुस्तक होतं तिथेच असतं.

‘रोज लिहा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण नोकरी, घर आणि लोकल सांभाळून लिहिणाऱ्याला तो पुरत नाही. त्याचं रोजचं लिहिणं मोडणारच. मोडल्यावर परत कसं बसायचं याची तयारी आधी करून ठेवली असेल, तर पुस्तक पूर्ण होतं. पुढे जे सांगतोय ते सगळं या परत बसण्याच्या सोयीसाठी आहे.

आधी हिशेब मांडा

‘कादंबरी लिहितोय’ हे वाक्य मनात फार मोठं होऊन बसतं. त्याचे शब्द मोजले की ते आटोक्यात येतं. मराठी पुस्तकाच्या नेहमीच्या डेमी आकारात एका पानावर साधारण २५० शब्द बसतात. छापखान्याच्या हिशेबात सोळा पानांचा एक फॉर्म. दहा फॉर्मचं, म्हणजे १६० पानांचं पुस्तक झालं ४०,००० शब्दांचं. पहिल्या पुस्तकाला एवढा ऐवज भरपूर आहे.

आता रोजचे २०० शब्द आणि आठवड्याचे पाच दिवस धरा. आठवड्याला १,००० शब्द होतात, ४० आठवड्यांत ४०,०००. वर्षात आठवडे ५२ असतात. उरलेले १२ गणपती, दिवाळी, परीक्षा, गावची जत्रा आणि व्हायरल ताप यांना देऊन टाका. हे १२ आठवडे हिशेबातच असल्यामुळे गणपतीचे दहा दिवस फुकट गेले असं वाटत नाही. ते आधीच खर्ची टाकलेले असतात.

अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या एका उपक्रमाने नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्द लिहायची टूम जगभर पसरवली. दिवसाला जवळजवळ १,६६७ शब्द. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. सकाळी घणसोलीहून निघून रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या माणसाने मात्र हा आकडा डोळ्यांसमोर ठेवू नये. चौथ्या दिवशी तो मागे पडतो, आणि मागे पडल्याची लाज त्याला नवव्या दिवशी लिहू देत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी अंदाज निघाला ३४ दिवसांचा. सगळंच बिनसलं तर किती लागतील, याचा अंदाज होता जेमतेम ४९. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे आपण ‘वाईटात वाईट’ म्हणतो तोही अंदाज कमीच पडतो. त्यामुळे मनात जो मुदतीचा आकडा येईल त्याला निदान दीडने गुणा, आणि घरी, मित्रांना, प्रकाशकाला तो गुणलेला आकडाच सांगा.

जागा आणि वेळ

‘वेळ मिळाला की लिहीन’ हा ठराव टिकत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवून दिलंय की संकल्पाला ठरावीक प्रसंग जोडला, म्हणजे ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवलं, तर तो पाळला जाण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. ‘कुकरची शिट्टी होऊन गॅस बंद केला की टेबलावर बसेन.’ ‘वाशीला उतरल्यावर ऑफिसात शिरण्याआधी, कॅन्टीन भरायच्या आत, वीस मिनिटं.’

आपल्याकडचा लोकलचा प्रवास याला फार उपयोगी आहे, पण एका अटीवर: बसायला मिळालं पाहिजे. ट्रान्सहार्बरची गाडी ठाण्यातूनच सुटते. थोडं लवकर फलाटावर गेलात तर खिडकी मिळते आणि वाशीपर्यंत साधारण अर्धा तास हाताशी येतो. सीएसएमटीकडे जाणाऱ्यांनी ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल पकडावी. फास्टने वाचणारी मिनिटं लोंबकळण्यात जातात. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून लिहिता येत नाही, तिथे फक्त उद्याच्या प्रसंगाचा विचार करावा. मोबाइलवर २०० शब्द अर्ध्या तासात सहज होतात. रविवारचा मेगाब्लॉक हा तर लेखकांसाठीच काढलेला असावा असं मला वाटतं. कुणी ‘येतो’ म्हणत नाही, कुणी ‘ये’ म्हणत नाही.

घरी जागा नसेल तर अभ्यासिका आहेत. नौपाड्यापासून नेरूळपर्यंत महिन्याच्या भाड्यावर खुर्ची-टेबल मिळतं. एमपीएससी आणि सीएची मुलं शेजारी मान खाली घालून बसलेली असताना आपल्यालाही फोन काढायला संकोच वाटतो, हा त्यातला खरा फायदा. मात्र तिथे लॅपटॉपच्या कळांचा आवाज चालत नाही, म्हणून वही न्या. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे संदर्भ काढायला जा, पण त्या दिवसाचे २०० शब्द झाल्यावर. एकदा कपाटांमध्ये शिरलं की दिवस गेलाच.

रात्रीच्या जेवणानंतर लिहायचं ठरवू नका, असं मी सर्रास सांगतो. काही जणांना जमतं. पण दिवसभराच्या कटकटीनंतर उरलेली तास-दीड तासाची वेळ घरातल्या माणसांचीही असते, आणि तिच्यावर पुस्तकाने रोज हक्क सांगितला की दोन महिन्यांत घर पुस्तकाच्या विरोधात जातं. श्री. ना. पेंडसे यांनी ‘बेस्ट’मधली नोकरी सांभाळत कादंबऱ्या लिहिल्या, हे ‘नोकरीमुळे जमत नाही’ म्हणणाऱ्यांना मी आठवण म्हणून सांगतो. नोकरीचा एक उपकार असा की ती दिवसाला बांधीव आकार देते. सेवानिवृत्तांची हस्तलिखितंही माझ्याकडे अडकून पडलेली येतात, आणि तिथे अडचण नेमकी उलटी असते: सगळा दिवस मोकळा, म्हणून लिहायची वेळ ठरलेलीच नाही.

नोंद आठवड्याची ठेवा

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. त्याची ही शिस्त सगळे सांगतात. मला त्याची वही जास्त कामाची वाटते. त्याने ती आठवड्यांत आखलेली होती आणि रोज किती पानं झाली ते तो त्यात लिहायचा. त्याची आठवड्याची सरासरी ४० पानांची होती, पण कधी ती २० वर घसरली, एकदा ११२ वर गेली. एवढा घड्याळी माणूससुद्धा एका सपाटीने लिहीत नव्हता.

तुम्हीही साधी वही करा. आठवड्याला एक ओळ, सात खाने, शेवटी बेरीज. शून्य आलं तर शून्य लिहा, खाना रिकामा सोडू नका. रिकामा खाना पाहिला की वही उघडावीशी वाटत नाही. शून्य ही निदान नोंद असते. बेरीज ५०० च्या वर असेल तर आठवडा बरा गेला असं समजा.

परतीची चिठ्ठी

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. खंडानंतर फाइल न उघडण्याचं कारण आळस असतं असं मला वाटत नाही. आपण कुठे होतो आणि पुढे काय करणार होतो, हे डोक्यातून गेलेलं असतं. ते परत डोक्यात आणायचं तर पहिल्या पानापासून वाचावं लागेल, त्याला दोन तास लागतील, आणि दोन तास कधीच सापडत नाहीत.

म्हणून लिहून उठताना शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीला द्या. प्रकरण संपवून, समाधानाने हात झटकून उठू नका. प्रसंगाच्या मध्येच, पुढचं वाक्य माहीत असताना थांबा, आणि फाइलच्या तळाशी चार गोष्टी लिहा: आता कुठे आहोत, पुढे लगेच काय घडतं, कुठला प्रश्न सुटलेला नाही, आणि उद्याचं सगळ्यात लहान काम कोणतं. समजा तुमची कादंबरी नवी मुंबई वसत होती, त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ गावांच्या जमिनी घेत होतं, त्या काळातल्या एका गावात घडते. चिठ्ठी अशी असेल:

‘प्रकरण ६. आजी मिठागरावरून परत आली आहे. दाराला सिडकोची नोटीस लावलेली, तिला वाचता येत नाही. पुढे: ती कुणाकडून वाचून घेते? मास्तरांकडून नको, ते आधीच कचेरीत जाऊन आलेत हे वाचकाला कळलंय. नातवाकडून? तो मुद्दाम अर्धवट वाचून दाखवेल. अडलंय: अशा नोटिशीची भाषा कशी असायची ते हवं, पण आत्ता नको. उद्या: फक्त नातवाचं पहिलं वाक्य.’

अशी चिठ्ठी असली की तीन आठवड्यांनीही माणूस पाच मिनिटांत त्या दारापाशी जाऊन उभा राहतो. ‘पुढे आजीचा प्रसंग पूर्ण करणे’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी तीन आठवड्यांनी कुचकामी असते. आज सगळं स्वच्छ आठवतंय म्हणून थोडक्यात लिहायचा मोह होतो. आपल्याला विसर पडणार आहे असं धरूनच लिहा.

वैचारिक किंवा माहितीपर पुस्तकालाही हेच लागू पडतं. तिथे चिठ्ठीत पुढचा मुद्दा, त्याचा आधार कुठल्या वहीत किंवा कात्रणात आहे, आणि पुढच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य असावं.

खर्डा चालू असताना दुरुस्ती नको

पहिली तीन प्रकरणं घोटीव आणि चौथं गायब, असं हस्तलिखित पाहिलं की मला पुढचं सांगावं लागत नाही. लेखक रोज बसत होता, पण मागचंच घासत होता. पहिला खर्डा चालू असताना ऱ्हस्व-दीर्घ बघू नका, शब्दकोश उघडू नका. माहिती हवी असेल तिथे तीन फुल्या टाका आणि पुढे जा. जमीन गेलेल्यांना तिचा काही भाग विकसित भूखंड म्हणून परत देणाऱ्या सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेचा नेमका नियम काय होता, हे शोधायला आज संध्याकाळी बसलात तर संध्याकाळ योजनेची होईल. खर्डा झाला की फाइलीत फुल्या शोधा आणि सगळी शोधाशोध सलग उरका.

टाइप करण्याचा वेग ही काही जणांची खरी अडचण असते. फोनवर किंवा गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येतं. संवादांना ते छान जमतं, वर्णनाला कमी, आणि विरामचिन्हं नंतर घालावी लागतात. तरीही न लिहिण्यापेक्षा बरं. लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. आणि दर शनिवारी फाइल स्वतःलाच ईमेल करा.

मधला पट्टा

१६० पानांच्या पुस्तकात बहुतेक जण साठाव्या आणि शंभराव्या पानाच्या दरम्यान अडकतात. सुरुवातीची पानं वर्षानुवर्षं मनात घोळलेली असतात, ती भराभर उतरतात. शेवटही बहुधा दिसत असतो. मधलं काहीच आधी ठरलेलं नसतं, आणि तिथे प्रत्येक प्रसंगाला निर्णय घ्यावा लागतो. हा कंटाळा आहे असं समजून लोक नवी कल्पना धरतात, नव्या पुस्तकाची पहिली वीस पानं लिहितात आणि पुन्हा सुखी होतात.

इथे पोचलात की एक आठवडा लिहू नका. त्या आठवड्याचे खाने शून्याने भरा. वहीच्या एका पानावर उरलेले प्रसंग किंवा मुद्दे एकेका ओळीत मांडा, मिळतील तेवढे. प्रत्येकापुढे लिहा: याच्यानंतर काय बदललेलं असेल? ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो प्रसंग काढून टाका. उरतील त्यांतला जो सगळ्यात ओढ लावतो तो आधी लिहा, क्रम मोडला तरी चालेल. शेवटचं प्रकरण आत्ताच लिहून टाकलं तरी हरकत नाही. कुठे पोचायचंय ते समोर असलं की मधलं बरंचसं आपोआप गळतं.

माहितीपर लेखनात हा पट्टा ‘अजून एक मुलाखत राहिलीय’ असं म्हणत येतो. हातात असलेलं प्रकरण ज्याच्यावाचून लिहिताच येत नाही, तेवढीच मुलाखत घ्या. बाकीची यादीत.

खंड पडल्यावर

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवय कशी लागते याचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात फरक इतका की कुणाला १८, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत जाणारा. एखादी खेप चुकली म्हणून सवय लागण्याच्या वाटेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. एखादा दिवस गेला तर तो विसरा.

मोठा खंड पडला असेल, तर पहिल्या दिवशी लिहूच नका. चिठ्ठी वाचा, शेवटची चार-पाच पानं वाचा आणि उठा. दुसऱ्या दिवशी शेवटचा परिच्छेद हाताने पुन्हा उतरवून काढा आणि त्याच्या पुढे जितकं येईल तितकं, पन्नास शब्दसुद्धा चालतील. तिसऱ्या दिवसापासून २००. बुडालेले शब्द भरून काढायचे नाहीत. थकबाकी माफ. दिवसाला ५०० करून महिन्याभराचं भरून काढणारे लोक पुढच्या आठवड्यात परत गायब होतात. पहिल्या पानापासून वाचायलाही बसू नका. वाचायला लागलात की दुरुस्ती सुरू होईल.

आणि जे खंड आधीच माहीत आहेत ते कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवा. टेंभी नाक्याजवळ राहत असाल तर नवरात्रातल्या संध्याकाळी तुमच्या नाहीत. अकाउंट्समध्ये असाल तर मार्चअखेर नाही. मे महिन्यात कोकणात जाणार असाल तर लॅपटॉप न्यायचं नाटक करू नका. छोटी वही न्या आणि माणसांची बोलणी टिपा. खंड सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची चिठ्ठी नेहमीपेक्षा दुप्पट लांब लिहा.

माणसं

पुस्तक लिहायला घेतल्याचं फेसबुकवर जाहीर करू नका. याच गोलवित्झर यांनी सहकाऱ्यांबरोबर २००९ साली मांडलेला निष्कर्ष असा: ‘मला अमुक व्हायचंय’ हे इतरांनी ऐकलं, दखल घेतली, की ते आपण काही अंशी झालोच असं वाटायला लागतं आणि कष्ट कमी होतात. दोनशे लाइक्स मिळाल्यावर २०० शब्द लिहायची निकड उरत नाही.

एका माणसाला मात्र सांगा, आणि तो शक्यतो साहित्यिक नसावा. दर रविवारी रात्री त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्याची बेरीज पाठवायची, बस. त्याने मजकूर वाचायचा नाही, मत द्यायचं नाही. रविवारी दहापर्यंत आकडा आला नाही तर ‘काय मावशी, या आठवड्याचा आकडा?’ एवढंच विचारायचं. अर्ध्या खर्ड्यावर दिलेलं कौतुक आणि अर्ध्या खर्ड्यावर काढलेली खोट, दोन्हींनी पुस्तक थांबलेलं मी पाहिलंय.

मराठी लेखकाला आणखी एक मोह असतो, दिवाळी अंकाचा. पावसाळ्याच्या तोंडाशी संपादकांचे फोन सुरू होतात, आणि १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या या परंपरेला नाही म्हणणं जड जातं. पुस्तक चालू असेल त्या वर्षी नवी कथा कबूल करू नका. फार आग्रह झाला तर पुस्तकातलंच एखादं स्वतंत्र उभं राहणारं प्रकरण द्या. मुदत बाहेरून मिळते आणि ते प्रकरण झक मारत पूर्ण होतं. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात आली की अर्जाची तारीख खर्ड्याची मुदत म्हणून वापरता येते.

शेवटची वीस पानं

इथे लोक विनाकारण रेंगाळतात, कारण संपलं की कुणाला तरी दाखवावं लागणार. त्यामुळे ‘झालं’ म्हणजे काय ते सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: शेवटच्या प्रसंगाचं शेवटचं वाक्य लिहिलं गेलं, फुल्या असल्या तरी चालतील, म्हणजे खर्डा झाला. चांगला झाला का, हा प्रश्न दुसऱ्या खर्ड्याचा.

खर्डा झाला की स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून एका बाजूला छापलेली, रुंद समास ठेवलेली प्रत काढा, स्पायरल बाइंडिंग करून घ्या आणि महिनाभर कपाटात टाका. त्या महिन्यात दिवाळी अंकाला होकार द्यायला हरकत नाही.